नकाशात हिरवं दिसलं म्हणून ऊस मोडू नका

परवा शिरोळहून मामांचा फोन. "दीड एकर ऊस मोडून ॲव्होकॅडो लावतोय, रोपांची आगाऊ रक्कम उद्या भरतो." कशाच्या भरवशावर? व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजच्या. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो तिघांनी टाकलाय. त्यात म्हटलंय: गट नंबर टाका, तुमच्या रानात काय पिकेल ते उपग्रह अचूक सांगतो. नकाशात हिरवी दिसणारी जमीन कुठल्याही पिकाला चालते. कोल्हापूर जिल्ह्यात ॲव्होकॅडो कुठेही येतो. माती परीक्षणावर पैसे घालवू नका.

या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. मामांचं रान मी पायाखाली घातलंय. उन्हाळ्यात ओढ्याकडच्या सऱ्यांवर क्षारांची पांढरी खपली धरते, चप्पल पडली की कुरकुरते. मागं पाइपलाइनसाठी चर मारला तेव्हा कमरेएवढ्या खोलीवर पाणी लागलं. उपग्रहाचा कॅमेरा वरची माती आणि पिकाची पानं बघतो. खाली पाणी तुंबलंय की मुरूम लागलाय, हे त्याला कुठून कळणार? ऊस चार दिवस पाण्यात उभा राहून तग धरतो. ॲव्होकॅडोची मुळं तेवढ्यात कुजायला लागतात, आणि क्षार तर त्याला सोसतच नाहीत. आधी पानांच्या कडा करपतात, मग झाड बसतं. तोवर उसाचंही उत्पन्न गेलेलं. सामू (म्हणजे पीएच, मातीचा आम्ल-विम्लपणा) आणि क्षारता हे दोन आकडे साध्या माती परीक्षणात मिळतात. सामू 8.5 च्या वर गेला की जमीन चोपण (सोडियम वाढून घट्ट, पाणी न मुरणारी) झाल्याचा संशय घ्यायचा. नेमकं हेच करू नका म्हणून सांगतायत!

आता ते 'अचूक'. जगभरच्या मातीचा जो खुला नकाशा कुणालाही वापरता येतो, त्या सॉइलग्रिड्सचा एक चौकोन 250 मीटरचा आहे. म्हणजे सव्वासहा हेक्टर, साडेपंधरा एकरांच्या आसपास. त्या सगळ्याला मिळून एकच आकडा, आणि तोही ठिकठिकाणच्या नमुन्यांवरून गणिताने काढलेला अंदाज. मामांच्या शेजारच्या साडेपंधरा एकरांत मळी (गाळाची जमीन) आहे, माळ आहे आणि पाणथळही आहे.

हिरवं म्हणजे उत्तम, हे तर शास्त्रालाच धरून नाही. जमिनीची योग्यता ठरवायची चौकट एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने, 1976 साली घालून दिली. तिचं मूळ तत्त्वच असं की योग्यता ठरावीक वापरासाठी ठरते. भाताला एक नंबर असलेली जमीन भुईमुगाला कुचकामी असू शकते. नकाशातला हिरवा रंग बहुतेक वेळा उभ्या पिकाचा असतो. शिरोळात तो उसाचा.

'जिल्ह्यात कुठेही' यावर काय बोलायचं? गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, शिरोळला जेमतेम पाचशे. तिकडं जांभी माती, इकडं खोल काळी.

एक मान्य करतो. नकाशे टाकाऊ नाहीत. उन्हाळ्यात रान मोकळं असताना क्षारपड पट्टे उपग्रहाच्या चित्रात ओळखू येतात. उतार कळतो, पुराचं पाणी कुठवर आलं होतं तेही कळतं. माती तपासायला खड्डा कुठं घ्यायचा हे नकाशावरून ठरवा, पण खड्डा घ्याच.

मामांनी रक्कम थांबवली आहे. काल तीन फूट खड्डा घेऊन फुटाफुटाला वेगळा नमुना काढला. तीन ढिगाऱ्या पडवीत सावलीला वाळतायत, सोमवारी प्रयोगशाळेत देणार.