‘क्रिकेट सोडून बघतंय कोण?’ ऑलिंपिक-एशियाडच्या प्रक्षेपणावर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय, तुम्हालाही आला असेल, नसेल आला तर थोडक्यात सांगतो. म्हणणं असं की भारतात ऑलिंपिक, एशियाड, कॉमनवेल्थ कुणी बघतच नाही, पदक आलं की दोन दिवस स्टेटस ठेवायचं आणि विसरायचं, त्यामुळे प्रक्षेपण कसंही असलं तरी चॅनेलवाल्यांना नावं ठेवू नका. पुढे असंही लिहिलंय की कॅमेरे परदेशी लोकांचे असतात, आपले खेळाडू दिसले नाहीत तर आपलं चॅनेल काय करणार, ज्याला बघायचंय त्याला ॲपवर सगळं मिळतं, ॲप नको तर डीडी आहेच फुकट. आणि शेवटी, हे खेळ मध्यरात्री असतात आणि त्यांचे नियम तरी कुणाला कळतात.

‘कुणी बघत नाही’ यापासूनच सुरू करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. कबड्डीचं बघा ना. आपल्याकडे मंडळांच्या स्पर्धांना रात्री उशिरापर्यंत माणसं मैदानाला वेढा घालून उभी असायची, बसायला जागा नसली तरी हलायची नाहीत, पण टीव्हीवर कबड्डी म्हणजे १९९० च्या बीजिंग एशियाडपासून दर चार वर्षांनी सुवर्ण आल्याची बातमी, बस्स, आणि तेव्हाही हेच ऐकू यायचं की टीव्हीवर कबड्डी कोण बघणार. मग जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पहिली मॅच झाली, आणि पहिल्याच सीझनला साधारण ४३ कोटी प्रेक्षकांचा आकडा जाहीर झाला, त्या वर्षी त्याच्या पुढे फक्त आयपीएल होतं. खेळ तोच, बघणारी माणसंही तीच. बदललं काय, तर मॅटवर चांगला उजेड, रेडरला कोपऱ्यात धरलं की जवळून दिसेल असे कॅमेरे, स्क्रीनवर ३० सेकंदांचं घड्याळ, ‘डू ऑर डाय’ रेड (गुण आणला नाही तर रेडर बादच) आली की आधीच सावध करणारी कॉमेंट्री आणि रोज ठरलेल्या वेळेला मॅच. म्हणजे प्रेक्षक आधीपासून होता, नीट दाखवलं तेव्हा तो आकड्यात दिसला.

आणि पदकापुरतीच आठवण येते म्हणता, तर पदकाशिवाय दाखवलं काय जातं ते पण बघा. अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा, बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या कॉमनवेल्थला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याला रौप्य मिळालं ८:११.२० वेळेत, सुवर्ण फक्त पाच शतांश सेकंदांनी हुकलं. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत होतं! बातमीत तुम्हाला शेवटचे दहा सेकंद दिसतात, पण त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, आणि हा पोरगा केनियन धावपटूंच्या घोळक्यात राहून, त्यांचा वेग अंगावर घेऊन, शेवटच्या वळणानंतरही सुटला नाही, खरी गोष्ट ती आहे. सगळी शर्यत सव्वाआठ मिनिटांची, मध्ये दोन मिनिटांचा जाहिरातींचा ब्रेक घेतला तर पाव शर्यत गेली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला तो फायनलला पोचला, स्टीपलचेसच्या ऑलिंपिक फायनलमध्ये जाणारा पहिला भारतीय पुरुष, तिथे अकरावा आला आणि विषय संपला, कारण पदक नाही. लोक विसरतात असं म्हणण्याआधी लोकांना लक्षात ठेवण्याजोगं किती दाखवलं हा प्रश्न विचारायला हवा.

आता कॅमेऱ्यांचा मुद्दा. हा अर्धा खरा आहे, आणि त्यातला खरा भाग बऱ्याच जणांना माहीत नसतो म्हणून सविस्तर लिहितो. ऑलिंपिकचं मूळ चित्रीकरण कुठल्याच देशाचं चॅनेल करत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००१ मध्ये ऑलिंपिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस नावाची स्वतःची संस्था काढली, तिचं ऑफिस माद्रिदला आहे, ती सगळ्या मैदानांवर कॅमेरे लावते आणि हक्क विकत घेतलेल्या सगळ्या देशांना तेच चित्र देते. कुठल्याही एका देशाकडे झुकायचं नाही हा त्यांचा नियमच आहे. त्यामुळे आपला नेमबाज सातव्या नंबरवर असेल तर कॅमेरा पहिल्या तिघांवर जास्त राहणार, त्यात भारताविरुद्ध कट वगैरे काही नाही, तसं पसरवणाऱ्यांनी पण थांबावं.

पण पुढचा अर्धा भाग मेसेजवाले गाळतात. पॅरिसला ३२ खेळ आणि ३२९ पदकांच्या स्पर्धा होत्या, ११ हजार तासांपेक्षा जास्त चित्रीकरण या संस्थेने तयार केलं. ॲथलेटिक्सचंच घ्या, स्टेडियममध्ये एकाच वेळी धावणं, उडी, भाला असं सगळं चालू असतं, त्याचं एक एकत्र चित्र मिळतं आणि भाल्याचं वेगळं, लांब उडीचं वेगळं असंही मिळतं. त्यातलं कुठलं कधी लावायचं हे आपल्या इथल्या कंट्रोल रूममध्ये ठरतं, परदेशी कॅमेरामन ठरवत नाही. सामना रंगात असताना स्टुडिओतल्या चर्चेवर जायचं का, सकाळच्या मॅचचा रिपीट लावून चालू हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, सोडायची का, ब्रेक कधी घ्यायचा, स्पर्धा संपल्यावर खेळाडूच्या तोंडापुढे माइक घेऊन कोण उभं राहणार आणि त्याला काय विचारणार, हे सगळं इथलंच. तेव्हा नावं ठेवायला जागा आहे आणि ठेवलीच पाहिजेत.

नावं ठेवून फरक पडतो का, तर पडतो. अमेरिकेत एनबीसी वर्षानुवर्षं मोठ्या स्पर्धा दिवसा अडवून रात्री प्राइम टाइमला दाखवायची, लंडन २०१२ चा उद्घाटन सोहळासुद्धा तिकडे लाइव्ह दाखवला नाही, लोकांनी सोशल मीडियावर इतकी बोंब मारली की ती बोंबच बातमीचा विषय झाली. पॅरिसला त्यांनी दिवसभर लाइव्ह दाखवलं आणि रात्रीचा प्राइम टाइमचा कार्यक्रम वेगळा ठेवला. तिथल्या प्रेक्षकांनी ‘चॅनेलचा काय दोष’ म्हणून गप्प बसायचं ठरवलं नव्हतं.

ॲपवर सगळं असतं. हो, आणि पॅरिस जिओसिनेमावर फुकट होतं ही चांगलीच गोष्ट झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण ॲपवर असणं आणि प्रेक्षकाला दाखवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच वेळी पंधरा-वीस ठिकाणी खेळ चालू आहेत, आपली मुलगी तिरंदाजीत कितव्या फेरीत आहे, आज कुस्तीत रिपेचाज, म्हणजे हरलेल्याला कांस्यासाठी मिळणारी दुसरी संधी, कुणाची, हे ज्याला आधीच माहितीय तोच शोधून बघणार, बाकीच्यांना धान्याचं कोठार दाखवून ‘जेवा आता’ म्हटल्यासारखं होतं. घरातल्या आजी-आजोबांनी, शाळेतून आलेल्या पोरांनी चुकून नवा खेळ बघावा आणि त्यात अडकावं हे टीव्हीवर होतं, जेव्हा कुणीतरी विचार करून ‘आता हे बघा’ म्हणून लावलेलं असतं. शिवाय लिंकवर क्लिक करायच्या आधीच फोटोखाली निकाल लिहिलेला असेल तर उरलं काय बघायला?

डीडीबद्दल लोकांचा खूप गैरसमज आहे. २००७ चा कायदा आहे, राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर केलेल्या स्पर्धांचं लाइव्ह चित्र खासगी चॅनेलने प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेला, द्यायचं, टीव्हीच्या जाहिरातींचं उत्पन्न ७५ टक्के हक्क घेणाऱ्याला आणि २५ टक्के प्रसार भारतीला. चांगला कायदा आहे. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की असं मिळालेलं चित्र दूरदर्शनने स्वतःच्या अँटेनावाल्या प्रक्षेपणातून आणि स्वतःच्या फ्री डिशवरूनच दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवाल्यांना ते देता येणार नाही. म्हणजे ज्याच्या घरी केबल किंवा खासगी डिश आहे त्याला ‘डीडी आहेच’ हे सांगून उपयोग नाही. आणि फ्री डिश असली तरी एका चॅनेलवर ३२९ स्पर्धांतल्या कितीशा मावणार.

मध्यरात्रीचा मुद्दा लवकर संपतो. पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे होतं, नेमबाज स्वप्नील कुसाळेची फायनल १ ऑगस्टला आपल्या दुपारी एकच्या सुमारास झाली. साबळेची फायनल रात्री एक वाजून गेल्यावर होती हे खरं, पण युरोपातल्या फुटबॉलसाठी जागणारे याच राज्यात ढिगाने आहेत. २०२३ ची एशियाड झाली ते चीनमधलं हांगझौ तर अडीच तास पुढे, तिथलं सगळं आपल्या संध्याकाळ-रात्रीपर्यंत आटपायचं, २०२६ ची नागोयाची एशियाड साडेतीन तास पुढे. २०२८ च्या लॉस एंजेलिसला तिथल्या संध्याकाळच्या फायनल आपल्याकडे सकाळच्या चहाच्या वेळेला येतील, आणि तिथे टी-२० क्रिकेटही आहे, तेव्हा सगळा वेळ त्यालाच दिला जाऊ नये यावर आत्तापासून बोललं पाहिजे.

राहिला नियमांचा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, कारण समजावून सांगणं हेच तर प्रक्षेपण करणाऱ्याचं काम. ब्रिटनमध्ये २०१२ च्या पॅरालिंपिकचे हक्क चॅनल फोरकडे होते. पॅरा खेळांतले टी४४, एफ४६ असले गट कुणालाच कळत नाहीत ही अडचण त्यांनाही होती, तर त्यांनी लेक्सी नावाची ग्राफिक पद्धत वापरली, पॅरालिंपिक जलतरणपटू जाइल्स लाँगने बनवलेली, शर्यतीआधी स्क्रीनवर माणसाची आकृती यायची आणि शरीराच्या कुठल्या भागावर किती परिणाम आहे ते रंगांत दिसायचं, काही सेकंदांत घरातल्या पोरालाही कळायचं. आपला सचिन खिलारी, सांगलीच्या आटपाडी तालुक्यातला, पॅरिस पॅरालिंपिकला एफ४६ गटात गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्य घेऊन आला. एफ४६ म्हणजे हाताचं अपंगत्व असलेल्या खेळाडूंचा गट, एवढं एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो?

हांगझौची कबड्डी फायनल आठवा, ७ ऑक्टोबर २०२३, भारत-इराण २८-२८, शेवटचं मिनीट-दीड मिनीट, आपला रेडर पवन सेहरावत कुणाला न शिवता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले, आणि जुना नियम की नवा यावरून सामना तासभर थांबला. भारत ३३-२९ जिंकला, पण तो तास लोक टीव्हीसमोरून उठले नाहीत, घराघरात, ग्रुपवर नियमाचीच चर्चा चालू होती. नियमात रस नसलेली माणसं असं करत नाहीत.

किंवा स्वप्नीलचीच फायनल घ्या. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, आधी गुडघ्यावर, मग झोपून, मग उभं राहून. उभं राहून मारणं सगळ्यात अवघड, आणि शेवटी एकेका शॉटला एकेक जण बाहेर पडत जातो. कांबळवाडीचा हा मुलगा, राधानगरी तालुक्यातला, रेल्वेत नोकरी करणारा, सुरुवातीला मागे होता आणि उभं राहायच्या टप्प्यात वर सरकत ४५१.४ वर कांस्य घेऊन आला, या प्रकारातलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. १०.९ म्हणजे सर्वोत्तम शॉट, ९ च्या घरात गेला की घसरलाच, हे कळलं की त्या शेवटच्या पाच शॉट्सना श्वास अडकतो. आयपीएलला ॲपवर मराठी कॉमेंट्री आहे, मग रायफल हातात धरलेला एखादा जुना मराठी नेमबाज, एखादा निवृत्त कबड्डीपटू, स्टीपलचेस धावलेला एखादा फौजी नागोयाच्या वेळी माइकवर बसवायला अडचण काय आहे? माणसं कोल्हापुरात, पुण्यात, साताऱ्यात आहेत, त्यांना विचारा तरी.