काखोव्काचं जंगल खरं आहे, त्याखालचा मजकूर नाही

युक्रेनमधल्या काखोव्का धरणाच्या तळात उगवलेल्या जंगलाचे व्हिडिओ निसर्गप्रेमींच्या ग्रुपांवर सारखे फिरत असतात. सोबतचा मजकूर थोड्याफार फरकाने असाच: धरण फुटलं, नदी मोकळी झाली, घाण समुद्रात वाहून गेली, माणूस हटला आणि निसर्गाने दोन वर्षांत सगळं भरून काढलं. युद्धाने नदीचं भलंच केलं! नद्या मोकळ्या वाहाव्यात असं मलाही मनापासून वाटतं, म्हणूनच हा मजकूर मला तसाच सोडून देववत नाही.

जंगल खरं आहे. नीपर नदीवरचं १९५६ सालचं हे धरण ६ जून २०२३ च्या पहाटे फुटलं, तेव्हा ते रशियन सैन्याच्या ताब्यात होतं. जलाशयाची क्षमता १८ घनकिलोमीटर, म्हणजे सुमारे ६४० टीएमसी. आपले सहा नाथसागर त्यात मावले असते. तो बघता बघता रिकामा झाला आणि उघड्या पडलेल्या गाळात विलो (आपल्या वाळुंजाच्या भावकीतलं झाड) आणि पॉपलर तरारून आले. धरणाने बुडवलेली ‘वेलिकी लुह’ ही पूरमैदानं पुन्हा दिसू लागली. ‘सायन्स’ नियतकालिकात २०२५ मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की इथल्या वनस्पती पाच वर्षांत ८० टक्क्यांपर्यंत सावरतील. इथवर माझं काहीच भांडण नाही.

भांडण आहे ते ‘घाण वाहून गेली’ या वाक्याशी. त्याच अभ्यासानुसार धरणाच्या गाळात शिसं, कॅडमियम, निकेल असे विषारी जड धातू सुमारे ८३ हजार टन साचलेले होते. वरच्या अंगाला झापोरिझ्झियाचे पोलादाचे कारखाने आहेत, हे लक्षात घेतलं की आकड्याचं नवल वाटत नाही. पाणी निघून गेलं तेव्हा त्यातले एक टक्काही धातू सोबत गेले नसावेत. बाकी सगळे तिथेच आहेत. जोवर वर पाणी उभं होतं तोवर ते तळाशी दबून होते. आता तो गाळ उघडा आहे, दर पुरात थोडा थोडा खरवडला जाणार आणि नदीत उतरणार. व्हिडिओतली हिरवी पानं त्याच गाळावर वाढतात. ती खाणारे किडे, किडे खाणारे पक्षी, खालच्या अंगाचे मासे, या साखळीत काय चढतंय हे मोजायला नियमित नमुने घ्यावे लागतात. पण एका काठावर युक्रेनचं सैन्य, दुसऱ्या काठावर रशियाचं. तिथे नमुन्यांच्या बाटल्या घेऊन कोण उतरणार?

आणि जे समुद्राकडे गेलं ते काय होतं? मशिनींचं तेल, शेतातली खतं, संडासांच्या टाक्यांमधला मैला, घरांची छपरं, मेलेली जनावरं, काठावर पेरलेले भूसुरुंग. काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहराच्या किनाऱ्यावर हे सगळं येऊन लागलं आणि समुद्रात उतरायला बंदी घालावी लागली. गोड्या पाण्याच्या लोंढ्याने किनाऱ्याजवळच्या समुद्राचा खारेपणा एकदम खाली आला. वर जलाशयात उलटी गत. पाणी भराभर मागे सरलं आणि मासे, शिंपले चिखलातच अडकून मेले. जून हा तिथल्या माशांच्या विणीच्या हंगामाचा काळ.

‘माणूस हटला’ हे तर मला सगळ्यात जास्त खटकतं. माणूस कुठे हटला? निकोपोल, मार्हानेत्स ही गावं याच जलाशयाचं पाणी पीत होती. धरण फुटल्यावर सुमारे सात लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचे हाल झाले, असं संयुक्त राष्ट्रांनी तेव्हाच सांगितलं. दक्षिण युक्रेनमधल्या खेरसोन प्रांताची कलिंगडं आणि टोमॅटो ज्या कालव्यांवर पिकत, ते कोरडे पडले.

धरण फुटण्याआधीचं मिकोलाईव्हचं उदाहरणही बघा. एप्रिल २०२२ मध्ये शहराला नीपरचं पाणी आणणारी पाइपलाइन युद्धात तुटली. महिनाभर नळ कोरडे होते, मग खाडीचं खारं पाणी त्यात सोडलं. त्याने भांडी घासा, संडासात ओता, पण पिऊ नका. पिण्यासाठी कॅन घेऊन रांगेत उभं राहा. त्या खाऱ्या पाण्याने जमिनीखालचे लोखंडी पाइप आतून खाल्ले आणि जागोजाग गळती लागली.

‘युद्धात कारखाने बंद, म्हणून नद्या स्वच्छ’ असंही काहीजण म्हणतात, तेही असंच. पूर्व युक्रेनच्या दोनबास पट्ट्यात कोळशाच्या खाणी बंद पडल्या की पंप बंद पडतात, आणि खाणीत चढणारं खारं, धातूमिश्रित पाणी भूजलाकडे व नद्यांकडे सरकतं. त्यातल्या युनकोम खाणीत १९७९ मध्ये सोव्हिएत सरकारने अणुस्फोट केला होता. २०१८ मध्ये तिथलेही पंप थांबवले गेले.

काही मित्र म्हणतात, धरण कधीतरी काढावंच लागलं असतं. असेलही. पण धरण काढायची रीत असते. अमेरिकेत एल्व्हा नदीवरच्या दोन धरणांसाठी कायदा १९९२ ला झाला आणि काम २०११ ला सुरू झालं. मधल्या काळात गाळाचा अभ्यास झाला, गढूळ पाण्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प उभे राहिले, मग भिंती टप्प्याटप्प्याने उतरवल्या. काखोव्कात खालच्या गावांतली माणसं त्या रात्री झोपेत होती.

राहिला ‘युद्धात हे चालायचंच’ हा मुद्दा. चालत आलंय खरं. याच नीपरवरचं झापोरिझ्झियाचं धरण सोव्हिएत सैन्याने माघार घेताना ऑगस्ट १९४१ मध्ये उडवलं. त्याआधी जून १९३८ मध्ये जपान्यांना अडवायला चिनी सरकारने पीत नदीचे बांध फोडले, लाखो माणसं पूर, भूक आणि रोगराईत गेली आणि नदी १९४७ पर्यंत मूळ पात्रात परतली नाही. म्हणूनच जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलच्या ५६ व्या कलमात धरणांना खास संरक्षण दिलं गेलं. हल्ल्याने सुटणाऱ्या पाण्यात सामान्य नागरिकांची मोठी हानी होणार असेल, तर ते धरण लष्करी लक्ष्य असलं तरी त्यावर हल्ला करायचा नाही. रशिया आणि युक्रेन दोघेही या प्रोटोकॉलने बांधलेले आहेत. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. पाकिस्तानने सही केली, पण मान्यता दिलेली नाही. चिनाबवर आपलं सलाल आहे, झेलमवर त्यांचं मंगला. दोन्ही देशांनी या प्रोटोकॉलला मान्यता द्यावी, अशी मागणी आपण का करत नाही?