गोळीआधी बाजेखाली दोन विटा

पोट बिघडलं की आपल्याकडे आरोपी ठरलेला असतो: ठेचा. मग तर्री, मग सावजी. तिखटानं ज्याचं जळतं त्यानं ते कमी करावं, पण मिरचीनं अल्सर होत नाही. बहुतेक अल्सरमागे एच. पायलोरी नावाचे जंतू असतात, नाहीतर अंगदुखीच्या गोळ्या. कापूस वेचून कंबर धरली की दुकानातून आणून उपाशीपोटी घेतो ना, त्याच.

माझ्या मते रोजच्या जळजळीचं मूळ ताटापेक्षा घड्याळात जास्त आहे. सकाळी रिकाम्या पोटी काळा चहा, त्यावर तंबाखूचा खर्रा. दुपारी धुऱ्यावर घाईत शिदोरी. खरं जेवण रात्री नऊला, आणि हात धुतले की बाजेवर आडवं. जठराच्या तोंडाशी एक झडप असते. गच्च भरलेल्या पोटानं ती ताणली जाते, तंबाखूतल्या निकोटिननं ढिली पडते. मग आडवं झालं की आम्ल वर येणारच.

म्हणून जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा. हंगामात सातला जेवणं होत नाही, हे मान्य. मग वाटणी बदला. शेतातून आल्या आल्या भाकर-भाजी पोटभर खा आणि रात्री वाटीभर मुगाची खिचडी किंवा वरण-भात. दिवसाचं खाणं तेवढंच राहतं.

आता विटा. बाजेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवा, साधारण सहा इंच उंची मिळते. वीट घसरते, म्हणून पाय बसेल एवढा खळगा कोरून घ्या किंवा लाकडी ठोकळा लावा. त्याआधी पायाकडची दोरी ओढून बाज ताणून घ्या. झोळ पडलेल्या बाजेत माणूस पाळण्यासारखा वाकतो, पोट दाबलं जातं आणि विटांचा उपयोग राहत नाही. दोन उशा घेऊनही तेच होतं: मान उचलते, पोट मुडपतं. जमिनीवर झोपणाऱ्यांनी कमरेपासून डोक्यापर्यंत गोधड्यांचा उतार करावा. कूस डावी. उजव्या कुशीवर जळजळ वाढते.

थंड दूध प्यायल्यावर घटकाभर बरं वाटतं, पण त्यातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमनं पुन्हा आम्ल सुटतं. खायच्या सोड्याचंही रोजचं काम नाही. त्यात सोडियम असतं, बीपीवाल्यांनी तर हात लावू नये.

गॅसचं प्रकरण वेगळं. चणा, तूर, वाटाणा, बरबटी यांतल्या काही साखरा आपल्या लहान आतड्यात पचतच नाहीत. मोठ्या आतड्यातले जंतू त्या आंबवतात आणि पोट फुगतं. अख्खं कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात शिजवा. बऱ्याच साखरा पाण्यात निघून जातात. चुनाला, म्हणजे बेसनाच्या पिठल्याला, ही सोय नाही, पीठ भिजवून पाणी फेकता येत नाही. म्हणून चून-भाकर दुपारी, आणि चून थोडं. कांदा-लसणातही असाच घटक असतो. तो पाण्यात विरघळतो, तेलात नाही. रश्श्यातला कांदा बाजूला काढून फायदा नाही, तो रश्श्यात उतरलेला असतो. तेलात लसूण तळून पाकळ्या काढून टाका आणि त्याच तेलात फोडणी द्या. चव राहते, त्रास टळतो.

पण सगळं कायमचं सोडू नका. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठानं बसवलेली पद्धतही हेच सांगते: काही आठवडे टाळा, मग एकेक पदार्थ परत आणून पाहा. कायमचं पथ्य करणाऱ्याच्या ताटात शेवटी भात आणि मीठच उरतं. दुधाचा संशय असेल तर दोन आठवडे दूध बंद. दही-ताक बहुतेकांना चालतं.

बद्धकोष्ठाला जवस चांगला, आणि तो आपल्याच मातीतला. भाजून कुटा, कारण अख्खा दाणा जसाच्या तसा बाहेर पडतो. पहिल्या आठवड्यात दिवसाला एक चमचा, मग दोन, आणि सोबत पेलाभर पाणी. पाण्याविना चोथा वाढवला तर खडा आणखी घट्ट होतो. खरी अडचण बायांची आहे. शेतात आडोसा नाही म्हणून पाणी कमी पितात, वेग दाबून ठेवतात, आणि दाबलेला वेग हळूहळू येईनासा होतो. यावर जवसाची चटणी सांगून भागत नाही, बांधावर आडोसा लागतो. तो मालकानं करून द्यावा. सकाळी काही खाल्ल्यावर अर्ध्या तासात आतडं आपोआप हलतं, तेव्हा बसा. कुंथत दहा मिनिटांवर बसू नका. टोंगळे दुखतात म्हणून कमोडच्या खुर्चीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पायाखाली सात-आठ इंचांचा पाट द्या.

एक बदल, दोन आठवडे, मग दुसरा. वहीत वेळ, खाणं आणि त्रास एवढं लिहा. महिनोन्‌महिने अॅसिडिटीची गोळी घेणाऱ्यांनी ती एकदम बंद करू नये. आम्ल उसळून येतं आणि वाटतं, गोळीशिवाय जगताच येत नाही. डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करा.

काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, आपोआप घटणारं वजन, रक्त कमी होणं, यांतलं काहीही असेल तर विटा आणि जवस बाजूला ठेवा. छातीत दाब आणि घाम असेल तर सोडा पीत बसू नका, गाडी काढा. तपासणीत ते अल्सरचे जंतू निघाले तर त्याला औषधच लागतं. डॉक्टरकडे जाताना ती वही आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, अंगदुखीच्या सुट्या पुड्यासुद्धा.