हरलेल्या गाडीचा वकील

मला फक्त एक मोटरसायकल घ्यायची होती. पैसे साठवून झाले होते, बायको हो म्हणाली होती (ते हो मिळवायला दोन वर्षं लागली, तो वेगळा लेख होईल), आणि पन्नास गाड्या बघून, गाळून, चाळून यादी दोनवर आली होती. यादी दोनवर आली तेव्हा वाटलं झालं काम, आता शनिवारी जायचं आणि घेऊन यायचं. त्या शनिवारनंतर सतरा शनिवार गेले.

तर त्या दोघी. एक केटीएम ८९० ड्यूक आर. ऑस्ट्रियाची, दोन सिलिंडर, ८८९ सीसी, नाकीडोळी धारदार, आणि नारंगी अशी की पार्किंगमध्ये शोधावी लागणार नाही. हिच्या थोरल्या बहिणीला म्हणजे ७९० ला कंपनीने २०१८ मध्ये स्काल्पेल असं टोपणनाव देऊन आणलं होतं, ही जास्त ताकदीची म्हणून हिचं सुपर स्काल्पेल. स्काल्पेल म्हणजे ऑपरेशनची सुरी. बायकोने विचारलं ऑपरेशन कोणाचं, मी विषय बदलला. दुसरी ट्रायम्फ स्ट्रीट ट्रिपल ७६५ आरएस. इंग्लंडची, तीन सिलिंडर, २००७ ला ६७५ सीसीवर सुरू झालेलं घराणं, २०१७ पासून ७६५, आणि २०१९ पासून मोटो२ च्या (म्हणजे मोटोजीपीच्या खालोखालच्या) शर्यतीत सगळ्याच टीमच्या गाड्यांमध्ये ह्याच इंजिनाचा शर्यतीसाठी तयार केलेला अवतार असतो. हे शेवटचं वाक्य मी चार महिन्यांत कमीत कमी चाळीस लोकांना ऐकवलंय, त्यातल्या एक माझ्या दाताच्या डॉक्टर होत्या, आणि तेव्हा त्यांचा आरसा माझ्या तोंडात होता.

दोन्ही नेकेड. हा शब्द घरात मोठ्याने बोलायचा नसतो हे मला उशिरा कळलं. मी फोनवर मित्राला सांगत होतो की "नाही रे, मला नेकेडच पाहिजे, वय झालं की मग कपड्यातली बघू", आणि आई मागे उभी. मग तिला बसवून समजावलं की आई, काही गाड्यांना पुढून प्लास्टिकचं कवच असतं, त्याला फेअरिंग म्हणतात, ते नसलं की इंजिन, फ्रेम सगळं उघडं दिसतं म्हणून नेकेड. तिने शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "मग वारा?" वारा छातीवर, आई. शंभरच्या पुढे गेलं की कोणीतरी समोरून दोन्ही हातांनी ढकलतंय असं वाटतं. सतरा शनिवारांत कामाचा मुद्दा एवढा एकच निघाला, पण दोन्ही गाड्यांना सारखाच लागू असल्यामुळे तो शीटमध्ये बसला नाही.

हो, शीट. मी एक्सेल शीट केली होती. डाव्या बाजूला मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला दहा गुण, शेवटी बेरीज. एवढं साधं.

पहिलाच मुद्दा ताकद. ट्रिपल १३० पीएस (हॉर्सपॉवरच जवळजवळ), ड्यूक १२१. झालं, ट्रिपल पुढे. दुसरा मुद्दा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा चाक फिरवायचा धक्का. ड्यूक ९९ न्यूटन मीटर, ट्रिपल ८०. झालं, ड्यूक पुढे. आता हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं ह्यावर मी एक अख्खी रात्र घालवली, आणि पहाटे कळलं की ट्रिपलची ती १३० ची ताकद येते १२,००० आरपीएमला, म्हणजे इंजिन सेकंदाला २०० वेळा फिरत असताना, आणि ड्यूकचा धक्का त्याच्या बराच आधी, ७,७५० लाच पूर्ण मिळतो. थोडक्यात ड्यूक म्हणजे हाक मारली की चपला न घालता धावत येणारा मित्र, आणि ट्रिपल म्हणजे आधी वरच्या पट्टीत जाऊ दे मग बघ म्हणणारा गवई. ऑफिसच्या रस्त्यावर वरची पट्टी कधी लागणार? सिग्नलला? पण हा विचार मनात आल्याबरोबर मला ट्रिपलची दया यायला लागली. तिचा काय दोष. माझा रस्ताच तिच्या लायकीचा नाही.

मग वजन. ड्यूक १६६ किलो, ट्रिपल १८८. बावीस किलो!! मी एक आठवडा ह्या बावीस किलोंवर जगलो. भेटेल त्याला सांगत होतो, बावीस किलो म्हणजे सिलिंडर नाही का जवळजवळ (गॅसचा, गाडीचा नाही). मग एका मित्राने विचारलं, ड्राय का वेट? म्हणजे काय रे? तर म्हणे ड्यूकचा आकडा ड्राय आहे, पेट्रोल वगैरे न भरता, आणि ट्रिपलचा सगळं भरून. म्हणजे एकीचं वजन उपाशीपोटी केलंय आणि दुसरीचं पंगतीतून उठल्यावर. ड्यूकच्या १४ लिटरच्या टाकीतल्या पेट्रोलचेच साडेदहा किलोच्या आसपास होतात, वर ऑईल, कूलंट, आणखी काय काय, बावीसातलं फारसं काही हाताला लागेना. राहिलेल्या फरकाचा हिशोब मी नेटाने करत होतो तेवढ्यात बायकोने वजनकाटा समोर आणून ठेवला. ह्या चार महिन्यांत खुर्चीत बसून रिव्ह्यू बघता बघता माझं स्वतःचं चार किलो वाढलं होतं. वेट.

ब्रेकचा रकाना मात्र छान गेला. दोन्हींना पुढे ब्रेम्बो स्टाईलेमाच. दहा, दहा. पुढे.

तर पहिली बेरीज आली ड्यूक ७१, ट्रिपल ६९. निकाल लागला. आणि मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं, पोटात कसंतरी झालं, दोन मार्कांनी पोरीची ॲडमिशन हुकल्यासारखं. मी परत शीट उघडली आणि म्हटलं आवाजाला दहाच गुण? आवाज रोज ऐकायचाय. आवाजाचे पंधरा केले. ट्रिपल जिंकली. दोन मिनिटं बरं वाटलं, आणि मग ड्यूक केविलवाणी दिसायला लागली, बिचारी, एवढा टॉर्क असून. मग कमी वेगात मजा असा नवीन रकाना टाकला. ड्यूक जिंकली. असं करत करत फाइलची नावं फायनल, फायनल दोन, फायनल नवीन आणि हीच फायनल अशी झाली, आणि प्रत्येक फाइलमध्ये जी हरली तिचा मी वकील. हे माझं लहानपणापासून आहे, मॅच बघताना जी टीम हरायला लागते तिकडे मी वळतो, त्यामुळे माझ्याबरोबर मॅच बघायला कोणी बसत नाही.

आवाजाचं थोडं सविस्तर सांगतो कारण तिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. ट्रिपलची तीन सिलिंडरं क्रँकच्या (इंजिनातला फिरणारा दांडा) दर २४० अंशांनी एक एक पेट घेतात, एकदम समान अंतराने, त्यामुळे आवाज गुळगुळीत, वर वर जातो तशी त्यात एक शिट्टी मिसळते. ड्यूकमध्ये क्रँकच्या दोन पिना एकमेकींपासून ७५ अंश सरकवून ठेवल्यात, त्यामुळे दोन स्फोटांमधलं अंतर एकदा ४३५ अंश आणि एकदा २८५, म्हणजे धड... धडधड, धड... धडधड, व्ही-ट्विनसारखं (दोन सिलिंडर इंग्रजी व्ही सारखे बसवलेलं इंजिन). हे मी रात्री हेडफोन लावून ऐकायचो. एका रात्री हेडफोनची पिन निसटली आणि सव्वा वाजता घरात ड्यूक सुरू झाली. आई उठून मोटर बंद करायला गेली, पाण्याची.

आता सीट. माझी उंची सांगत नाही, पण रॅकवरचा डबा काढायला स्टूल लागतं. ड्यूकची सीट ८३४ मिलिमीटर, ट्रिपलची ८३६. मी ह्या दोन मिलिमीटरवर पंधरा दिवस काढले. पायाची आतली उंची मोजायची एक पद्धत असते, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, मांड्यांमध्ये जाड पुस्तक उभं धरायचं, वर दाबायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. टेप बायकोने धरली. त्याच वेळी तिच्या मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला आणि तिने तो का उचलला हे मी अजून विचारलेलं नाही. माप निघालं ७६ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही गाड्या मला सात-आठ सेंटिमीटरने उंच, आणि मी दोन मिलिमीटरचा वाद घालतोय. खरं तर सीट पुढे किती निमुळती आहे आणि तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ह्यावर पाय टेकणार की नाही ते ठरतं, हे नुसतं जाऊन बसलो असतो तर दहा सेकंदात कळलं असतं. शेवटी बसलो तेव्हा दोन्हीवर चवडे टेकले, टाचा हवेत. ड्यूक नऊ, ट्रिपल नऊ.

टेस्ट राइडबद्दल फार बोलण्यासारखं नाही. चार महिने मी क्विकशिफ्टरचा अभ्यास केला होता, म्हणजे क्लच न दाबता गिअर टाकायचा, सेन्सरला कळतं, इंजिनाची ताकद क्षणभर तोडली जाते आणि गिअर पडतो. राइड करून आलो तर शोरूमचा पोरगा उत्साहाने विचारतो, "सर, क्विकशिफ्टर कसा वाटला?" मी सगळीकडे क्लच दाबून आलो होतो. सवय. दुसऱ्या गाडीच्या वेळी ठरवून गेलो होतो तर पहिल्याच चढाला बंद पाडली. आणि ते सहा अक्षांचं यंत्र, जे गाडी किती झुकलीय ते ओळखून वळणात ब्रेक सांभाळतं, त्याला माझ्या हातात काही कामच नव्हतं, मी वळणावर घोडागाडीसारखा उभ्याने वळलो. उतरताना साइड स्टँड लावलाय असं समजून उतरलो. पोराने धरली. चांगला पोरगा.

पण खाली उतरल्यावर गालाचे स्नायू दुखत होते, हेल्मेटच्या आत मी सगळा वेळ हसत होतो हे मला तेव्हा कळलं. दोन्ही वेळा. हाच तर घोळ आहे ना.

अठराव्या शनिवारी बायकोने लॅपटॉप मिटला.

"एक सांग, सगळ्यात जास्त कुठल्या गाडीच्या बाजूने भांडलास?"

"ट्रिपल."

"का?"

"ती जास्त वेळा हरली."

"मग तीच घे. ड्यूक घेतलीस तर ट्रिपलचं कसं वाईट झालं हे मला जन्मभर ऐकावं लागेल."

बिनतोड. मी ट्रिपल घेतली. आवडली, खूप आवडली, सकाळी कामाशिवाय खाली जाऊन बघून येतो. ऑफिसच्या रस्त्यावर वरची पट्टी अजून लागलेली नाही पण ती आहे हे माहीत असणं पण काही कमी नाही. बायको खूश, आई वाऱ्यासाठी मफलर घेऊन मागे.

मागच्या आठवड्यात एका जुन्या मित्राचा फोन आला. त्याची यादी दोनवर आलीये. कुठल्या दोन ते सांगायला नको. म्हणाला तू एवढा अभ्यास केलायस, तुझ्याकडे आहे पण एक, तर सांग ना. मी पाऊण तास बोललो. ९९ न्यूटन मीटर म्हणजे काय, ७,७५० म्हणजे काय, शहरात कोण बारा हजारला नेतं रे गाडी, आणि त्या पिनांचे ७५ अंश, अरे तो आवाज, धड... धडधड, ती बिचारी एवढी गुणी गाडी आणि लोक तिला...

स्वयंपाकघरातनं भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

मित्र म्हणाला, शीट असेल तर पाठव. म्हटलं आहे, पाच मिनिटं दे. आणि पाठवायच्या आधी आवाजाचे पंधराचे परत दहा केले.