कोल्हापुरात घरगुती वीज कंपनी बदलता येते, या संदेशाबाबत खुलासा

‘अर्ज भरा, वीज कंपनी बदला, बिल निम्मे करा’ हा कोल्हापुरात फिरणारा संदेश घरगुती ग्राहकांच्या बाबतीत चुकीचा आहे. मुंबईच्या काही भागांत टाटा पॉवर आणि अदानी इलेक्ट्रिसिटी या दोघांकडेही वितरण परवाना असल्यामुळे तेथील कुटुंबाला कंपनी निवडता येते. कोल्हापुरात मात्र घरोघरी वीज पुरवणारी महावितरण ही एकच कंपनी आहे आणि तिचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. २००३ च्या वीज कायद्यातील मुक्त प्रवेशाची (म्हणजे स्थानिक कंपनीऐवजी दुसऱ्या पुरवठादाराकडून वीज घेण्याची) सवलत मोठ्या भाराच्या ग्राहकांसाठी आहे, दोन खोल्यांच्या घरासाठी नव्हे. त्यामुळे कंपनी बदलून देण्याच्या नावाखाली कोणालाही पैसे किंवा ओटीपी देऊ नये, ही कळकळीची विनंती. बिल कमी करायचे असल्यास, स्वतःचे छत असणाऱ्यांना ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॉटच्या सौरसंचासाठी ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान मिळते.