सीपीआर 'चांगला झाला' हे कशावरून?

कोड ब्लू, म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटसाठी हॉस्पिटलमधली तातडीची धावपळ, संपली की घामाघूम झालेल्या टीममधून हमखास ऐकू येतं, "सीपीआर मात्र एकदम चांगला झाला." सीपीआर म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन रक्ताभिसरण चालू ठेवणं. मग बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगितलं जातं, आम्ही शर्थीचे प्रयत्न केले. मी भूलतज्ज्ञ आहे, नागपुरात डॉक्टर-सिस्टरांना सीपीआर शिकवते. माझं स्पष्ट मत आहे की कुणी मोजलं नसेल, तर 'चांगला झाला' म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

परवाच्या ट्रेनिंगमध्ये आयसीयूत मुरलेले एक ब्रदर होते. मॅनिकिनची, म्हणजे सरावाच्या पुतळ्याची, स्क्रीन आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून ठेवली. दोन मिनिटं झाल्यावर विचारलं, कसं वाटलं? "डेप्थ बरोबर, रेट बरोबर. रोजचंच काम आहे जी, मॅडम." स्क्रीन फिरवली. वेग मिनिटाला १२० दाबांच्या कितीतरी वर. दाबाची खोली पहिल्या मिनिटाला ठीक, मग रेघ हळूहळू वर सरकत गेलेली. दोन दाबांच्या मध्ये छातीवरचा भार पूर्ण सुटतच नव्हता. ते थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "पुन्हा करू का?" या वेळी स्क्रीन समोर होती, आणि त्यांनी सुरेख करून दाखवलं. हात तयारच होते. आपलं काय चाललंय हे कळायला मात्र आकडा लागला.

यात त्यांना दोष देण्यासारखं काहीच नाही. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०, हे सगळ्यांना पाठ असतं. पण धावपळीत वेग आपोआप वाढतो. थकवा जाणवायच्या आधीच खोली कमी व्हायला लागते, म्हणून तर दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. "मी थकलो नाही, चालू द्या" म्हणणाऱ्याला तेव्हाच बाजूला करावं. शिवाय पलंगावरची गादी! हाताला वाटतं छाती पाच सेंटिमीटर दबली, त्यातला बराचसा भाग गादी दबलेली असते. पाठीखाली फळी सरकवायला आणि बुटका माणूस असेल तर पायाखाली स्टूल द्यायला काही सेकंद लागतात, पण तेवढंही बऱ्याचदा राहून जातं.

ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात प्रशिक्षित टीमचा सीपीआर सेन्सर लावून मोजला, तो अभ्यास २००५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एक तृतीयांशाहून जास्त वेळा खोली कमी भरली आणि अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) तर निम्म्याहून जास्त वेळा गरजेपेक्षा भराभर दाबली गेली. ही मंडळीही मन लावूनच काम करत होती.

अनुभवाने हे सुधारेल असं म्हणतात, मला ते पटत नाही. उत्तम सीपीआर देऊनही बहुतेक पेशंट वाचत नाहीत, आणि कधी सुमार सीपीआरवरही एखादा परत येतो. मग निकालावरून शिकणार काय? दोन वर्षांचं सर्टिफिकेट फाइलला लागतं, हातातलं कौशल्य मात्र काही महिन्यांतच उतरतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ पासून मोठ्यांच्या सीपीआर कोर्सला फीडबॅक देणारं उपकरण सक्तीचं केलं, ते उगाच नाही. ताप आपण हात लावून चार्टवर लिहीत नाही, थर्मामीटर लावतो.

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांत बालाघाट, छिंदवाडा, गडचिरोलीहून माणसं पेशंट घेऊन येतात. 'शर्थीचे प्रयत्न' या शब्दांवर विश्वास ठेवून रिकाम्या हातांनी परत जातात. ते शब्द खरे असायला हवेत, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यासाठी फार खर्चही नको. प्रत्येक कोडला एक जण फक्त घड्याळ आणि हात बघायला उभा करा, आणि त्याने "खोल दाबा" म्हटलं की सिनियरनेही मुकाट ऐकावं. श्वासनलिकेत ट्यूब टाकलेली असेल तर कॅप्नोग्राफ, म्हणजे सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, लावा. आकडा १० (मिमी पारा) च्या खालीच राहत असेल तर आधी कॉम्प्रेशन, म्हणजे छातीवरचे दाब, तपासा, नंतर इतर कारणं. कोड संपल्यावर पाच मिनिटं थांबून काय मोजलं ते बोला.

आणि ड्रिल नाइटला ठेवा. दिवसा सगळेच हजर असतात. रात्री तीनला वॉर्डात दोन सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय) असतात. तेवढ्यात दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा कसा, हे मॅनेजमेंटने त्यांच्याच तोंडून ऐकावं.