झाकली मूठ

परवा ऑफिसमध्ये एका तरुण सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, तुम्ही मध्यंतरी कोच लावला होता म्हणे. काही झालं होतं का?" विचारताना त्याने आवाज इतका खाली आणला, की कुणाच्या दुखण्याची चौकशी चालली आहे असं वाटावं. मी उभ्या उभ्या दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि नंतर दिवसभर ते मनात घोळत राहिलं, कारण उत्तर अर्धवट होतं. हो, झालं होतं काहीतरी. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते झाल्यावर कोचकडे, म्हणजे कामातल्या अडचणींवर प्रश्न विचारून आपल्यालाच विचार करायला लावणाऱ्या माणसाकडे, जायला मला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांबद्दल लिहायचं आहे. पोस्ट मोठी होणार आहे.

मी माझ्या कामात चांगली होते. म्हणूनच बढती मिळाली आणि अकरा जणांची टीम हाताखाली आली. स्वतः काम उत्तम करणं आणि इतरांकडून ते करून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी पटलं नसतं. टीमने दिलेला प्रत्येक रिपोर्ट मी रात्री बसून पुन्हा लिहायचे. मला वाटायचं, मी त्यांना सांभाळून घेतेय. मग टीममधल्या सगळ्यात हुशार मुलीने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही माझं काम कधी वाचलं नाहीत, मॅडम. फक्त बदललंत."

त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं की याबद्दल कुणा जाणत्या माणसाशी बोलायला हवं. आणि दुसऱ्या दिवसापासून न जाण्याची कारणं सुचायला लागली.

पहिलं कारण अर्थातच पैसे. इथे मला सरळ बोलायचं आहे. ज्याचं महिन्याचं गणित जेमतेम जुळतं, त्याने कर्ज काढून कोच लावू नये. 'स्वतःमध्ये गुंतवणूक करा' असं त्याला ऐकवणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नये. त्याच्यासाठी पैसे हे खरं कारण आहे आणि ते तिथेच संपतं. माझं तसं नव्हतं. त्याच तीन वर्षांत मी नेतृत्वावरचे किती ऑनलाइन कोर्स विकत घेतले, मोजले नाहीत. एकही पूर्ण केला नाही. तेव्हा कोर्सचे पैसे कधी जड वाटले नाहीत, कारण कोर्समधला माणूस पडद्यावरून बोलतो आणि निघून जातो. तो माझ्याकडे बघत नाही. "मागच्या आठवड्यात ठरवलं होतंत, त्याचं काय झालं?" असं विचारत नाही.

वेळ नाही, हेही म्हणून झालं. दोन आठवड्यांतून एक तास. रात्री रिपोर्ट पुन्हा लिहायला याच्या कितीतरी पट वेळ जात होता.

नवरा म्हणाला, "त्यासाठी बाहेरचा माणूस कशाला? माझ्याशी बोल की." बोलले. खूपदा बोलले, आणि त्याने मनापासून ऐकलं. पण त्याची इच्छा एवढीच असायची की मला आज रात्री शांत झोप लागावी. त्यामुळे तो माझी बाजू घ्यायचा. मैत्रिणीही तेच करायच्या. ती मुलगीच तशी होती, असं सगळ्यांचं एकमत झालं. मला बरं वाटायचं आणि सोमवारी मी पुन्हा तेच करायचे. आपल्या माणसांकडून याहून वेगळी अपेक्षा करणं त्यांच्यावर अन्याय आहे, असं मला आता वाटतं.

या सगळ्यांत चिवट निघालं ते एक वाक्य: "काय करायला हवं ते मला माहीत आहे." आणि ते खोटंही नव्हतं. माझ्या जागी दुसरी कुणी असती, तर मी तिला पाच मिनिटांत सांगितलं असतं की बाई, लोकांना त्यांचं काम करू दे. ग्रॉसमन आणि क्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमका याच गोष्टीचा अभ्यास केला होता. तो 2014 साली प्रसिद्ध झाला. जोडीदाराने फसवल्याचा प्रसंग काही लोकांना स्वतःच्या बाबतीत कल्पायला सांगितला, काहींना मित्राच्या बाबतीत. मित्राच्या प्रसंगावर लोकांनी जास्त शहाणपणाने विचार केला. पण ज्यांना स्वतःच्याच प्रसंगाकडे बाहेरच्या माणसासारखं बघायला सांगितलं, त्यांच्यात हा फरक उरला नाही. म्हणजे शहाणपण माणसाजवळ असतं, फक्त उभं राहायची जागा चुकलेली असते. चांगला कोच तासाभरात मला काय देतो असं कुणी विचारलं, तर मी म्हणेन, ती दुसरी जागा.

अतुल गवांदे या शल्यविशारदांचा अनुभव मी त्याच काळात वाचला होता. त्यांनी 2011 साली तो एका लेखात मांडला. कित्येक वर्षं शस्त्रक्रिया केल्यावर, आता आपण आणखी सुधारत नाही आहोत, असं त्यांना जाणवलं. तेव्हा त्यांनी आपले जुने शिक्षक, निवृत्त सर्जन रॉबर्ट ऑस्टीन यांना ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन नुसतं बघायला सांगितलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. ऑस्टीन यांच्या वहीत मात्र बारीक बारीक नोंदी होत्या. मधेच कोपर फार वर जातं. दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता आणि बराच वेळ ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला त्यातली शस्त्रक्रिया कळत नाही, पण तो सरकलेला दिवा कळतो. हात कामात गुंतलेले असले की उजेड कुठे पडलाय हे करणाऱ्याला दिसत नाही, आणि यात त्याच्या कौशल्याला कमीपणा नाही.

तरीही कमीपणा वाटतोच. माझ्या सहकाऱ्याच्या खाली आलेल्या आवाजात तोच होता. एरिक श्मिट 2001 मध्ये गूगलचे प्रमुख झाले. त्यानंतर संचालक मंडळातल्या जॉन डोअर यांनी त्यांना कोच घ्यायला सुचवलं, तेव्हा तेही दुखावले होते. इतका अनुभव असताना मला कोच कशाला, माझं काही चुकतंय का, अशी त्यांची पहिली प्रतिक्रिया होती. पुढे 2009 मध्ये एका मुलाखतीत त्यांनी हाच सल्ला आपल्याला मिळालेला सर्वोत्तम सल्ला म्हणून सांगितला. त्यांचे कोच बिल कॅम्पबेल हे अर्थशास्त्राचे पदवीधर. आधी कोलंबिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक, मग उद्योगात आलेले. इंजिनिअर नव्हतेच. 'माझं क्षेत्र ज्याला कळत नाही, तो मला काय सांगणार?' या शंकेवर मला हे उदाहरण पुरेसं वाटतं. ज्याला माझं क्षेत्र कळतं तो मेंटॉर, आणि तोही हवाच. पण मेंटॉर स्वतःच्या अनुभवातून उत्तर देतो. माझी अडचण उत्तर न मिळण्याची नव्हती.

एक संकोच मात्र मी मनापासून योग्य मानते: समोरचा माणूस खरंच लायक आहे का? जगात बहुतेक ठिकाणी कुणीही उद्यापासून स्वतःला कोच म्हणवून घेऊ शकतो. डॉक्टर किंवा वकिलासारखा परवाना लागत नाही. त्यामुळे ज्यांना भीती वाटते त्यांची भीती रास्त आहे.

माझा पहिला अनुभव असाच होता. धीर करून एकांशी ओळखीचा कॉल ठरवला. वीस मिनिटांत त्यांनी माझ्या आयुष्याचं निदान केलं आणि पॅकेज सांगितलं. मी म्हणाले, विचार करून कळवते. त्यावर ते म्हणाले, "हीच भीती तुम्हाला मागे खेचतेय. आज ठरवलंत तर सवलत आहे." मी फोन ठेवला आणि पुढचं वर्षभर कोच हा शब्दही काढला नाही. आजही ते आठवलं की संताप येतो. मला भित्री ठरवलं म्हणून नाही, तर एका घाबरलेल्या माणसाची भीती त्यांनी विक्रीसाठी वापरली म्हणून. या व्यवसायातल्या काहींना ग्राहकाच्या प्रत्येक शंकेवर तयार उत्तर पाठ करायला शिकवतात. माझं ठाम मत आहे की ज्याला तुमचा संकोच ऐकून घेता येत नाही, त्याला पुढे तुमचं काहीच ऐकता येणार नाही. तिथून उठावं.

मग बघायचं काय? सर्टिफिकेट हा एक धागा आहे. 1995 साली सुरू झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन तीन पातळ्यांची मान्यता देते. त्यासाठी प्रशिक्षण तर लागतंच, शिवाय पहिल्या पातळीला किमान 100 तास, दुसरीला 500 आणि तिसरीला 2500 तास प्रत्यक्ष कोचिंग केलेलं असावं लागतं. तास म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे मान्य. पण मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांची आचारसंहिता. पैसे कंपनी भरत असेल, तर कोणती माहिती कंपनीकडे जाईल आणि कोणती जाणार नाही, हे आधीच स्पष्ट ठरलेलं असलं पाहिजे, असं तिच्यात आहे. माझ्या ओळखीतले कितीतरी जण कंपनीने देऊ केलेला कोच याच कारणाने टाळतात. सेशनमध्ये बोललेलं बॉसच्या कानावर गेलं तर? ही शंका मनात ठेवून आत जाऊ नका. पहिल्याच भेटीत तुम्ही, कोच आणि कंपनी, तिघांनी बसून ठरवा, लेखी घ्या. कोच त्यावर अडखळला तर तेही एक उत्तरच आहे.

आणि झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर तो कोचचा विषय नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक हवा, आणि लगेच हवा. मला पुढे ज्या कोच भेटल्या, त्यांनी पहिल्या कॉलवरच झोपेबद्दल, खाण्यापिण्याबद्दल विचारलं. गरज वाटली तर दुसऱ्यांकडे पाठवेन, असं स्वतःहून सांगितलं. मी म्हटलं, मला विचार करायला वेळ हवा. त्या म्हणाल्या, "घ्या. वेळ घेऊन नाही म्हणालात तरी मला कळवलंत तर बरं वाटेल." मी तीन आठवडे घेतले. त्यांचा एकही फोन आला नाही.

त्या तीन आठवड्यांत मला माझं खरं कारण सापडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना, तसं होतं ते. जोवर मी कुणाकडे गेले नव्हते, तोवर माझ्याजवळ एक आडोसा होता: मला योग्य मार्गदर्शन मिळालं असतं तर मी नक्की चांगली मॅनेजर झाले असते. कोचकडे गेले, सगळं केलं, आणि तरीही मी तशीच राहिले तर? मग तो आडोसाही गेला. पैसे, वेळ, नवऱ्याचं म्हणणं ही सगळी कारणं मी याच्या भोवती रचली होती. शिवाय त्या मुलीचं वाक्य मला कुणासमोर तरी मोठ्याने उच्चारावं लागणार होतं. तोपर्यंत मी ते नवऱ्यालाही जसंच्या तसं सांगितलं नव्हतं.

पहिल्या सेशनमध्ये सांगितलं. त्यांनी सांत्वन केलं नाही, दोषही दिला नाही. विचारलं, "ते रिपोर्ट बदलताना तुम्ही काय वाचवत होतात?" मी बराच वेळ गप्प होते. त्याही गप्प होत्या. अशी शांतता मला ऑफिसात कधी सहन होत नाही. शेवटी उत्तर आलं: माझं नाव. कुणाच्याही चुकीला माझं नाव लागू नये म्हणून मी जागत होते, आणि त्याला टीमची काळजी म्हणत होते.

मग आम्ही एक छोटी गोष्ट ठरवली. आठवड्यातल्या एका रिपोर्टला मी हात लावायचा नाही. फक्त समासात दोन प्रश्न लिहायचे आणि परत द्यायचा. पहिल्या आठवड्यात ते मला शारीरिक त्रास होण्याइतकं जड गेलं. सात महिन्यांत चौदा सेशन झाली. आज मी रात्री रिपोर्ट लिहीत नाही. टीममधले दोघे माझ्यापेक्षा चांगलं लिहितात, आणि हे मला कळलं कारण मी ते वाचायला लागले. मीटिंगमध्ये घाई झाली की मी अजूनही लोकांना तोडते. ते सुटलेलं नाही. त्यावरही काम केलं होतं, थोडंच हललं.

म्हणून कोचिंगने सगळं बदलतं असं मी कुणाला सांगणार नाही. कामाच्या ठिकाणच्या कोचिंगवरच्या 18 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कामगिरी, मनःस्वास्थ्य, ताण पेलण्याची क्षमता, कामाकडे बघण्याची दृष्टी आणि ठरवलेल्या गोष्टीमागे लागण्याची ताकद, या पाचही बाबतींत चांगला परिणाम दिसला होता. ही सरासरी आहे. माझ्या बाबतीत काय होईल हे ती सांगत नाही, पण नुसती बोलाची कढी नाही, एवढं समजायला मला तिचा उपयोग झाला.

काल त्या सहकाऱ्याला बोलावलं आणि यातलं बरंचसं सांगितलं, त्या मुलीच्या वाक्यासकट. त्याने लक्ष देऊन ऐकलं. माझ्या कोचचा नंबर मागितला नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, "बघतो, मॅडम." मी बरं म्हटलं. त्याला पुन्हा विचारणार नाही. त्याला यायचं असेल तेव्हा दार उघडं आहे, हे त्याला माहीत आहे.